दोन्ही पाय वर

बंगळूरला, कोरमंगलाच्या चौकात परवा कोहळ्यांचा टेम्पो रिकामा होत होता. वरचा माणूस एकेक कोहळा खाली सोडत होता, खालचा झेलून फुटपाथवर रचत होता. पांढुरकी पूड बसलेले, माणसाच्या डोक्याएवढे कोहळे. ऑफिसला निघालेली मुलं दुचाकी थांबवून भाव विचारत होती. मी रस्ता ओलांडायला उभी होते. सिग्नल मिळाला, बाजूची माणसं निघाली आणि मला चपलेत तळपाय ओले झाल्याचं जाणवलं.

दरवर्षी हे असंच होतं. पाऊस, परीक्षा, आजारपण यांतलं कशाचंही नाव काढलं तरी माझे पाय कोरडे असतात. कोहळे दिसले की घाम येतो.

खंडेनवमीला इथं प्रत्येक दुकान, गॅरेज, रिक्षा आणि बस यांची पूजा होते. गल्लीत तिला आयुधपूजा म्हणतात, आमच्या घरात खंडेनवमी. हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरतात, त्यावर कापूर पेटवून तो गाडीवरून ओवाळतात आणि रस्त्यावर आपटतात. मग चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात. संध्याकाळपर्यंत शहराचे रस्ते लाल-पांढऱ्या गराने माखलेले असतात. त्यावरून दुचाक्या घसरतात. पुढे वर्तमानपत्रात मी त्या बातम्या बरीच वर्षं लिहिल्या. ठिकाण, वाहन, जखमीचं वय, कोणत्या रुग्णालयात. भीतीसाठी त्यात रकाना नव्हता.

नव्वदच्या दशकात आम्ही चामराजपेटेत राहत होतो. पुढे वडिलांचं, अप्पांचं शिवणकामाचं दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये दगडी फरशीचं अंगण. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्ही. माझा मोठा भाऊ गोपाळ. मी त्याला अण्णा म्हणायची. तो दिवसा एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायचा.

ट्रॅक के. आर. पुरमच्या पलीकडे, एका वीटभट्टीच्या मागे होता. लाल माती, कडेला नीलगिरीची झाडं, मध्ये टेकाडं आणि खड्डे. तिथं येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाड्या रस्त्यावरच्याच. दिवे काढलेले, मडगार्ड उंच केलेले, सायलेन्सर वर वळवलेला. अण्णाचीही तशीच होती. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला दोनदा वेल्डिंग झालेलं.

ज्या खंडेनवमीबद्दल सांगते आहे तिच्या आदल्या उन्हाळ्यात तो त्या गाडीवरून पडला. मी उतारावर उभी होते. टेकाडावरून गाडी हवेत गेली, पुढचं चाक आधी टेकलं आणि फोर्क मोडला. अण्णा एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला. अॅक्सिलरेटर अडकला होता. पडलेली गाडी जिवाच्या आकांताने ओरडत होती, मागचं चाक माती उडवत होतं. माणसं धावली ती आधी गाडीकडे. तिचा आवाज इतका मोठा होता की दुखापत तिलाच झाली असं वाटावं. कोणीतरी ती बंद केली. मग जी शांतता झाली तिच्यात मी अण्णाकडे पाहिलं. तो उठून बसायचा प्रयत्न करत होता आणि त्याचा डावा पाय मांडीपासून भलतीकडे वळला होता.

पाय जुळला. पावसाळ्यात काठी सुटली. जुनी गाडी भंगारात गेली. गणपतीच्या आसपास अण्णाच्या मित्राने, मूर्तीने, नवी आणली.

मूर्ती त्याच ट्रॅकवरचा. बोलका, पुढचा एक दात अर्धा. मद्रासचा कोणी स्पर्धक खेळ सोडून परदेशी निघाला होता, त्याची गाडी मूर्तीने ठरवली. ती टेम्पोतून आली तेव्हा अर्धी पोत्यात होती. चाकं वेगळी, हँडल वेगळं, जुन्या चादरीत गुंडाळलेली टाकी. अंगणात जोडून उभी केल्यावर ती उंच, अरुंद आणि उपाशी प्राण्यासारखी दिसली. दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही, उभं राहायला स्टँडसुद्धा नाही. कापडाचे तागे येत त्या लाकडी खोक्यावर तिला ठेवावं लागे.

आमची आई, अम्मा, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "ही चालवायची गाडी आहे की पाडायची?"

"दोन्ही, अम्मा," मूर्ती म्हणाला. "आधी चालवायची."

अम्मा हसली नाही. अप्पा दुकानातून आलेच नाहीत. मशीनचा आवाज मात्र थांबला होता.

अशा गाडीवर नुसतं बसून निघता येत नाही, हे मला त्या मोसमात कळलं. ती आपल्या अंगाला जुळवून घ्यावी लागते. हँडल किती पुढे, ब्रेकची लिव्हर किती खाली, चेन किती सैल, टायरमध्ये हवा किती कमी. ही गाडी समुद्रकाठची होती. बंगळूरच्या उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनात पेट्रोल जास्त जाई. ती खोकायची, स्पार्क प्लग काजळी धरून बाहेर यायचा. मूर्ती आणि अण्णाने कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलला, मग आणखी एक बदलला. ऑईलला एरंडेलाचा वास होता. लहानपणी अम्मा महिन्यातून एकदा एरंडेल पाजायची. गाडी सुरू झाली की अख्ख्या अंगणात तो वास भरायचा आणि माझ्या पोटात कळ आल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांत जास्त लक्षात राहिल्या त्या लिव्हर. अण्णाने त्या हँडलला घट्ट आवळल्या नाहीत. हाताने जोर लावला तर फिरतील इतपत सैल ठेवल्या.

"स्वल्प सैल हव्यात," तो म्हणाला. "पडल्यावर फिरतात. घट्ट असल्या तर तुटतात."

"पडल्यावर?"

"पडल्यावर," त्याने पुन्हा म्हटलं, पान्याकडे बघत.

मला तोवर वाटत होतं की आम्ही न पडण्याची तयारी करतो आहोत.

शेवटचं काम मागच्या स्प्रिंगचं. त्याला तीन माणसं लागतात. एकाने गाडीवर बसायचं, एकाने हँडल धरून गाडी उभी ठेवायची, एकाने मोजायचं. आधी रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं, मागच्या आसापासून मडगार्डावरच्या खुणेपर्यंत. मग चालवणाऱ्याने दोन्ही पाय वर, पायदानांवर घेऊन बसायचं आणि तेच माप पुन्हा घ्यायचं. गाडी त्याच्या वजनाने चार इंच बसली पाहिजे. कमी बसली तर स्प्रिंग सैल करायची, जास्त बसली तर आवळायची. मूर्ती गाडी धरायचा, मी अप्पांची टेप घेऊन मागे उकिडवी बसायची.

पहिल्या दिवशी अडीच इंच आलं. अण्णाने स्प्रिंग सैल केली. दुसऱ्या दिवशी साडेतीन. आणखी सैल केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा अडीच.

"तुझी टेप ताणलेली आहे, शारू," मूर्ती म्हणाला.

"अप्पांची आहे. त्यांना सांग."

"नको गुरू, माझी पॅंट त्यांच्याकडेच आहे."

रविवारी सकाळी गाडी ट्रॅकवर न्यायला मूर्ती टेम्पो घेऊन यायचा. दारातूनच ओरडायचा, "एन गुरू, काय, आज तरी निघायचं?" अण्णा गाडीपाशी बसलेलाच असे. आज चेन. आज लिव्हर. आज टायर. आज स्प्रिंग नीट बसत नाही. मूर्ती "सरी, बरं" म्हणून कॉफी घ्यायचा आणि रिकामा टेम्पो घेऊन जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. समोरच्या घरातली राजम्मा फुलांचा गजरा ओवता ओवता बघत असे. एकदा म्हणाली, "गोपी, रोज पाना घेऊन बसतोस. मला वाटलं दुसऱ्याची गाडी दुरुस्तीला आली आहे."

अण्णा हसला. संध्याकाळी त्याने चेन पुन्हा उतरवली.

त्यामागचं कारण मी टेपच्या टोकाशी बसून पाहिलं. मूर्तीला तिथून दिसत नव्हतं, कारण तो समोर उभा राहून हँडल धरायचा. अण्णाचा उजवा पाय पायदानावर असायचा. डावा वर उचललेला दिसायचा, पण त्याच्या अंगठ्याचं टोक फरशीला टेकलेलं असे. कधी थोडं, कधी जास्त. त्यामुळे माप रोज वेगळं येत होतं. स्प्रिंगचा काही दोष नव्हता. अण्णा त्या गाडीवर पूर्ण बसतच नव्हता.

"अण्णा, पाय वर घे."

"घेतलाय."

"डावा."

"घेतलाय की." आवाज चढला नव्हता. उलट तो लहान झाला होता. मी टेपवर दिसलं ते सांगितलं, त्याने पाना उचलला.

दुकानात मी अप्पांना माप घेताना हजारदा पाहिलं होतं. कमरेला टेप लागली की पुरुष पोट आत ओढतात. अप्पा टेप तशीच ठेवून गिऱ्हाइकाशी पावसाबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल बोलत राहायचे. माणूस बोलता बोलता श्वास सोडायचा, तेव्हा आकडा वाचायचे. मीही ते करून पाहिलं. अण्णाला कारखान्याबद्दल विचारलं, लेथवरच्या नव्या फोरमनबद्दल विचारलं. तो भरभरून बोलला, फोरमनची नक्कलसुद्धा केली. अंगठा जमिनीवरच राहिला.

मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. एक, तो पुन्हा त्या टेकाडावर जाईल. दुसरी, तो कधीच जाणार नाही, आणि या अंगणात पाना घेऊन बसलेला, दर रविवारी थोडा आणखी लहान होत जाणारा माणूस हाच माझा भाऊ उरेल. सकाळी पहिली वाटायची, संध्याकाळी दुसरी. अम्माला कोणती वाटत होती मला माहीत नव्हतं. ती गाडीचं नाव घेत नसे. "ते" म्हणायची. त्याच्यावरचे कपडे काढ. त्याला आत घे, पाऊस येतोय.

मग खंडेनवमी आली.

सकाळीच अम्माने हत्यारं मागितली. अप्पांच्या कात्र्या, टेप, खडू, इस्त्री, तिची स्वतःची विळी, आणि अण्णाचा पान्यांचा डबा. सगळं धुतलं, पुसलं, देवापुढे लाल कापडावर मांडलं. गंध, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. अण्णाला काही सुचेना. तो अंगणात आला, गाडीभोवती फिरला, चेनला बोट लावून पाहिलं, खिसे चाचपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हातात काही नव्हतं.

दुपारी मूर्ती स्वतःच्या गाडीची पूजा आटपून आला, कपाळावर गंध लेऊन. आम्ही गाडी गल्लीत आणली. अप्पांची सायकल, शेजाऱ्याची रिक्षा, राजम्माच्या मुलाची स्कूटर आणि शेवटी ती. अम्माने तिलाही हार घातला. हँडलला, टाकीला, दोन्ही चाकांना कुंकू लावलं. तिचा हात स्प्रिंगपाशी क्षणभर थांबला, मग तिथंही लावलं. कोहळा फुटला. अम्मा खाली वाकली आणि पुढच्या चाकाखाली एक, मागच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं.

"अम्मा, हिला ढकलूनच पुढे घेऊ," अण्णा म्हणाला. "आवाज फार करते."

"सायकल ढकलतात. ही गाडी आहे ना?"

"पेट्रोल कमी आहे."

"चार पावलांना किती लागतं?" अम्मा उभी राहिली. गुडघे झटकले. "लिंबावरून गेली नाही तर पूजा अर्धी राहते, गोपाळ. अर्ध्या पूजेच्या गाडीवर मी तुला बसू देणार नाही. कधीच नाही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्या क्षणी तिने त्याला सुटायची वाट दिली होती. अर्धी पूजा, म्हणून गाडी विकली. गल्लीला एवढं कारण पुरलं असतं. आम्हालाही.

"एन गोपी," राजम्मा ओट्यावरून म्हणाली, "लिंबाला घाबरलास?"

कोणीतरी हसलं. मूर्ती हसला नाही. अण्णाने गाडी हातात घेतली, चढला, किक मारली. दुसऱ्या किकला ती सुरू झाली. आवाजाने दारात ठेवलेलं ताट थरथरलं आणि एरंडेलाचा वास गल्लीभर झाला. मी सवयीने मागच्या बाजूला उभी होते. टेप देवापुढे होती. मी नुसती बघत होते.

उजवा पाय वर गेला. डावा जमिनीवर होता. क्लच सुटला, पुढचं लिंबू फुटलं, आणि डावा पाय जमिनीवरून सुटून पायदानावर गेला. मागचा भाग खाली बसला. किती इंच ते मोजता आलं नाही. पण आजवर बसला नव्हता इतका बसला. मागचं लिंबू फुटून रस माझ्या पायावर उडाला.

चार पावलांवर थांबायचं होतं. तो थांबला नाही. गल्लीच्या टोकाला वळला आणि दिसेनासा झाला.

आवाज ऐकू येत होता. मागच्या गल्लीत, मग देवळाच्या बाजूला, मग थोडा लांब. माणसं मान वळवून आवाजाच्या दिशेने बघत होती. अप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. मग आवाज एकदम उंच चढला, जसा चाक जमिनीवरून सुटल्यावर चढतो, आणि बंद झाला.

ती शांतता मला माहीत होती. मी ती उतारावर उभी राहून ऐकली होती. दारातून उचललेल्या ताटातला कापूर विझला, पण अम्मा ते धरूनच होती. मूर्ती धावला. मला धावता येईना. पाय रस्त्याला चिकटले होते आणि तळव्यांखाली ओलं झालं होतं.

अण्णा वळणावर दिसला तेव्हा चालत होता. गाडी ढकलत. खांद्यापासून कमरेपर्यंत डावी बाजू लाल होती. अम्माच्या तोंडून आवाज निघाला, तो शब्द नव्हता. राजम्मा ओट्यावरून उतरली. अण्णा जवळ आला, आणखी जवळ, आणि मग आम्हाला त्या लालमध्ये पांढऱ्या बिया दिसल्या. कोहळ्याचा गर. कुंकू. शर्टाला, कानाला, केसांना चिकटलेलं.

"कोणी तरी वळणावरच फोडलाय," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "सरळ आडवा झालो." आणि मग, मूर्तीला, अगदी आनंदाने, "लिव्हर बघ. फिरली. तुटली नाही!"

खरंच फिरली होती. हँडलवर खालच्या बाजूला लोंबत होती, शाबूत.

अम्माने त्याच्या थोबाडीत मारली. जोरात नाही. मग तिच्या तळहाताला लागलेल्या कुंकवाकडे बघत राहिली.

"पाना दे, शारू," अण्णा म्हणाला. "ही सरळ करतो."

"उद्या," अम्मा म्हणाली. "आज हत्यारांना हात लावायचा नाही."

"उद्या सकाळी मग," अण्णा मूर्तीला म्हणाला. "टेम्पो आण."

तो हात धुवायला आत गेला. मी गाडीवरचा गर फडक्याने पुसला. पुसताना लक्षात आलं की आता धास्ती फक्त आम्हाला उरली आहे. मला, अम्माला, पायरीवरून न हललेल्या अप्पांना. आतून अण्णाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. इतके आठवडे एकट्याने सांभाळलेली भीती तो वळणावर टाकून आला होता आणि आमच्यात ती नीट वाटली गेली होती.

दसऱ्याच्या सकाळी अम्माने हत्यारांवरची फुलं उतरवली. अण्णाने लिव्हर सरळ केली. दुसरं काही केलं नाही. मूर्ती टेम्पो वळवत होता, म्हणून गाडी मी धरली. अण्णा बसला. मोजायला कोणी नव्हतं.

अप्पा दुकानातून आले. गळ्यात टेप होती. या मोसमात ते पहिल्यांदाच गाडीच्या इतक्या जवळ आले होते. विजारीच्या किंवा कोटाच्या मापाला बसतात तसे एक गुडघा टेकून मागच्या चाकापाशी बसले. "कुठून कुठपर्यंत?" एवढंच विचारलं. मी सांगितलं.

अण्णाने दोन्ही पाय वर घेतले. गाडीचं आणि त्याचं सगळं वजन उभं राहण्यासाठी माझ्या हातांवर आलं. इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. मूर्ती इतके दिवस हे कसं धरत होता कोण जाणे.

अप्पांनी टेप लावली. पुन्हा लावली. दुकानात सांगत तसा आकडा मोठ्याने सांगितला, "चार," आणि टेप गळ्यात टाकून उठताना अण्णाच्या डाव्या मांडीवर हात ठेवून उठले.

"झालं," अण्णा म्हणाला. "सोड आता."

बाहेर टेम्पोचं फळकूट पडल्याचा आवाज आला. कालच्या गरावरून कोणाची तरी सायकल सरकत गेली.

"साकू, पुरे आता, शारू. सोड."

मी हँडल धरूनच उभी होते.